कोंडवाड्यातली भाषा

उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस झाला नाही आणि होणारही नाही. सूर्य उगवला तरी तो कालचाच आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय ते तोंड धूत नसत. गोंडपिपरीच्या कोंडवाड्यावर त्यांची सारी नोकरी गेली. मोकाट गुरं धरून आणायची, कोंडायची आणि मालक आला की दंड घेऊन सोडायची. या कामात दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक दुसऱ्याचं जनावर आपलं म्हणणारी, आणि दुसरी दंडाच्या भीतीने आपल्या जनावराला ओळख न दाखवणारी. त्यामुळे "कशावरून?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आला. आमच्या लग्नात भटजींनी माझं गोत्र सांगितलं तेव्हा मांडवातून पहिला आवाज आला तो हाच. पाहुणा म्हणाला, मी जेवून आलो, की मामाजी विचारत, "कशावरून? भाजी कोनची होती?" एसटीला भद्रावतीची पाटी असली तरी चालक, वाहक आणि खिडकीतल्या बाई यांना वेगवेगळं विचारून मगच ते पायरीवर पाय ठेवत. तिघांचं उत्तर जुळलं की संशय आणखी वाढे. "तिघं बी एकच काऊन सांगून राह्यले?"

मालकीचा वाद आला की त्यांचा एक उपाय ठरलेला होता. दिवस कलताना गाय सोडायची, कोणी हाकायचं नाही, आणि ती ज्या दाराशी थांबेल ते तिचं घर. "मानूस खोटं बोलते, गाय नाई बोलत," असं ते म्हणत. या कसोटीने त्यांना एकदाच दगा दिला. एक भुरी गाय सोडली तर ती गल्लीतल्या प्रत्येक दाराशी थांबली. कुठे कोंडा खाल्ला, कुठे पेज प्याली, एका म्हातारीचा हात चाटला. दंडाचं नाव निघताच मात्र साऱ्या गल्लीने दारं लावून घेतली. शेवटी गाय मामाजींच्याच अंगणात येऊन बसली. "हे सगळ्याइची, म्हून कोनाचीच नाई," असं म्हणत त्यांनी ती मरेपर्यंत पोसली. रोज वैरण टाकताना ते तिच्याकडे संशयाने बघत. ती गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बिघडलं म्हणाले. कशावरून, असं विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

माझ्या बायकोला आईवडील नाहीत, तिला मामाजींनीच वाढवलं. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणूनच आमच्या मुलीने, पल्लवीने, चंद्रपुरात उर्दूचा रविवारचा वर्ग लावला तेव्हा मी त्यांना फोन केला. खरं सांगायचं तर संशय माझा होता. कॉलेजातली मुलगी एकाएकी उर्दू का शिकते? यामागे कोणी मुलगा तर नाही? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अक्षरं आवडतात, आणि ते खरंही होतं. पण विचारायला मला लाज वाटली आणि मनाई करायला भीती. पोरीच्या नजरेत वाईट व्हायचं ते मामाजींनी व्हावं, एवढा साधा हिशेब. तो आठवला की अजून मान खाली जाते.

मामाजी पुढच्याच रविवारी आले. वर्ग व्यंकटराव नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या ओसरीवर भरे. शिकायला एक नर्स, एक बांगडीवाल्या बाई, वनखात्यातून निवृत्त झालेले एक कारकून आणि आमची पल्लवी. मुलगा एकही नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण मामाजींची चौकशी नुकती कुठे सुरू झाली होती.

"मास्तर, तुमी मूळचे कुठचे?"

"सिरोंचाकडचा. नदीपलीकडे निजामाचं राज्य होतं. वडील तिथे उर्दू शाळेत शिकले, त्यांनी मला शिकवलं."

"घरी काय बोलता?"

"आईशी तेलुगू, बायकोशी मराठी."

मामाजी माझ्या कानाशी आले. "तेलुगू मानूस, मराठी गावात, उर्दू शिकवते. जावईबापू, याच्यात काईतरी हाये." आणि ते शेवटच्या बाकावर पहाऱ्याला बसले. पल्लवीने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

मास्तर सावकाश वाक्य सांगू लागले. "दरवाज़ा बंद करो. मेहमान आए हैं. बाज़ार से दूध लाओ." मामाजी ताडकन उठले.

"थांबा! हे तं मले समजते!"

"मग चांगलंच आहे, भाऊ."

"चांगलं कसं? मले समजते तं हे उर्दू कशावरून? हे तं मी रोज बोलतो! जावईबापू, पोरीले फसवून राह्यले. भेसळ हाये भेसळ!"

बांगडीवाल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "काका, भेसळीचं नावच उर्दू हाये!"

मास्तर मात्र रागावले नाहीत. त्यांनी मामाजींना खुर्ची दिली. दिल्लीकडची साधी बोली, तिची करना-जाना ही क्रियापदं इथल्याच मातीतली. तिच्यात फारसी, अरबी, तुर्की शब्द मिसळले. मग फौजेबरोबर, फकिरांबरोबर ती दक्षिणेत उतरली आणि मराठी-तेलुगूच्या शेजाराने राहिली, असं त्यांनी समजावलं. हिंदूंनी लिहिली, मुसलमानांनी लिहिली. मामाजी एकेक शब्द गुराचे दात तपासल्यासारखा ऐकत होते.

"म्हंजे हिले एक मालक नाई?"

"नाही."

"दारोदार खाल्लेली हाये."

"हो, तसंच म्हणा."

मामाजी अंगणाकडे बघू लागले. ती भुरी गाय तिथे उभी असल्यासारखे. मग मला म्हणाले, "पोरगी येईल इथी. पन भरवसा नाई आपला. मी नजर ठेवतो."

तेव्हापासून दर रविवारी गोंडपिपरीच्या गाडीने ते नजर ठेवायला येतात. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की फोनवर पल्लवीकडून धडा वाचून घेतात, मास्तरांनी काही लपवलं का ते पाहायला. आता गुडघे दुखतात, पायरी चढताना मास्तरांचा हात धरावा लागतो; तो धरतानाही ते आधी नीट बघून घेतात. परवा पल्लवीने त्यांना एका चिठ्ठीवर उर्दूत त्यांचं पूर्ण नाव लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी सुलटी पाहिली, उलटी पाहिली.

"हे माहंच नाव कशावरून?"

"आबाजी, सोडून पाहा ना," पल्लवी म्हणाली. "कोनाच्या दारी थांबते ते पाहा."

मामाजींनी चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली आणि शेवटच्या बाकावर जाऊन, कोणाशी संबंध नसल्यासारखे, अंगणाकडे बघत बसले. मास्तरांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने त्यांचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. चौथीत शाळा सुटल्यापासून त्यांना तसं कोणी पुकारलं नसावं. मामाजी गुडघ्यांवर हात रेटत उभे राहिले, टोपी सारखी केली आणि लहान मुलासारखे म्हणाले, "हजर."