सिस्टर मेश्रामांचं पांढरं विमान

सिस्टर मेश्राम कुठल्याही कामाला लागण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. उभी नोकरी रेल्वेच्या दवाखान्यात गेली, पण निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो आणि त्या आतून आल्या त्या दोन्ही हात वर धरून, ऑपरेशनला निघाल्यासारख्या.

"बाबू, तो डब्बा उघड. माहे हात साफ आहेत, मी नाही लावत त्याले."

डब्ब्यात विमान होतं. म्हणजे व्हायचं होतं. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले करडे तुकडे, एक चित्रांचा कागद आणि झाकणावर पांढरंशुभ्र, लाल पट्ट्याचं, पेशंट नेणारं विमान. सिस्टर टॉर्चचे सेल आणायला गेल्या आणि हे घेऊन आल्या. "दुकानवाला म्हणते, 'माताजी, पोते के लिए?' मी म्हटलं, नहीं भैया, मेरे लिए. पोता होगा तब देखेंगे!" आणि स्वतःच टाळी वाजवून हसल्या. मग आठवलं, हात साफ होते. परत धुवायला गेल्या.

असलं काही त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. पण त्यांच्या उत्साहापुढे आमचा सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, फिका पडायचा. मी उरला औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे त्यांच्या शेजारी राहतो, तेव्हा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कंट्रोल रूमला होतो. पाळी सुटली की पाय आपोआप त्यांच्या ओसरीकडे वळायचे. आज पेशंट कसा आहे, हे बघायला. विमानाला त्या पेशंटच म्हणायच्या. तुकडे साध्या कात्रीनं नाही, टाके काढायच्या बारीक कात्रीनं सोडवायचे. डिंक लावायचा तो इंजेक्शनच्या सुईतून, थेंब थेंब. पंख चिकटले की चिकटपट्टीऐवजी गॉजची पट्टी गुंडाळायची. मी गेलो तेव्हा ते विमान टेबलावर असं पडलं होतं, की कुणालाही वाटावं अपघात होऊन आलंय.

"हात नको लावू बे! प्लास्टर ओलं आहे."

एकदा तर मी दारातून आत शिरतो न शिरतो तोच ओरडल्या, "बाबू, डॉक्टर बाहेर राहिला!" पोटाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवून झाले होते, घट्ट बसले होते, आणि आत बसायचा नखाएवढा डॉक्टर बशीत उताणा पडला होता. मी म्हटलं, "राहू द्या सिस्टर, बाहेरून कुणाला दिसणार आहे?"

"मले दिसते ना! बिनाडॉक्टरचं पेशंटले कुठं घेऊन जाऊ?" त्यांनी ब्लेड उकळत्या पाण्यात घातलं (प्लास्टिकच्या विमानासाठी!) आणि सांध्यातून अलगद चिरत गेल्या. "सिझेरियन आहे. तू दिवा धर." डॉक्टर आत बसला. त्या रात्री सगळ्या पाऱ्याला जिलेबी मिळाली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. टाळत होतो.

सिस्टरांना दमा होता. होळीच्या सुमारास त्यांची मुलगी वर्षा पुण्याहून आली, ती आईला घेऊन जायचं ठरवूनच. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, इथली हवा यांना सोसत नाही. सिस्टर ऐकायला तयार नव्हत्या. "उमर झाली, म्हणून खोकलते. हवेले काहून दोष देते?" वर्षानं शेवटी मला विचारलं, "दादा, आप तो प्लांट में हो. सच बताओ, रात को धुआँ छोड़ते हैं क्या?"

सिस्टर चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

आमच्या चिमणीला धूळ अडवणारं एक यंत्र आहे. ते वीज फार खातं. रात्रपाळीत ते बंद करायचा निरोप वरून यायचा आणि बटण मी दाबायचो. मी वर्षाला म्हटलं, "नाही हो. आता सगळं कंट्रोलमध्ये आहे."

"ऐकलं?" सिस्टर जिंकल्यासारख्या म्हणाल्या. "अंदरचा माणूस सांगून रायला. मी कुठं जात नाही, माहं विमान रंगवायचं आहे." वर्षा एकटीच परतली.

रंगाचा पहिला हात दिला तेव्हा सिस्टर नुसत्या नाचायच्या बाकी होत्या. दिवसा उन्हात रंग ब्रशवरच सुकायचा, म्हणून संध्याकाळी द्यायचा. आणि त्या वासानं धाप लागायची, म्हणून विमान रात्रभर गच्चीवर ठेवायचं. सकाळी मी रात्रपाळीवरून आलो, तर त्या गच्चीवरूनच हाका मारत होत्या. वर गेलो. पांढऱ्या पंखांवर काळे कण रुतून बसले होते, तीळ पेरल्यासारखे.

"ब्रश खराब असन," त्या म्हणाल्या. पॉलिश पेपरनं सगळं घासलं, नवा ब्रश आणला, पुन्हा रंगवलं. सकाळी पुन्हा तेच. मग म्हणाल्या, रंग नीट ढवळला नसेल. तिसऱ्या खेपेला नुसत्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसल्या. बोटं ताणून, उन्हात धरून.

गच्चीच्या फरशीवरही तीच काजळी होती. पण ती आमच्याकडे रोजचीच, ती कुणाला दिसत नाही. सगळा पारा सकाळी उठून झाडतो आणि कामाला लागतो.

मी तेव्हाही घरी येऊन झोपलो. उठलो तर शेजारचे साहूकाका आमच्या ओसरीवर उभे. सिस्टर त्यांना रोज इन्सुलिन टोचायच्या. तो त्यांचा नेम होता. साहूकाका माझ्या बायकोला सांगत होते, "दीदी ने मना कर दिया. बोलीं, हाथ पे भरोसा नहीं रहा, क्लिनिक चले जाओ."

मी चप्पलही न घालता पलीकडे गेलो. सिस्टर विमान गॉजसकट डब्ब्यात भरत होत्या.

"सिस्टर, तुमचा हात नाही तो."

"मंग कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. यंत्र, निरोप, बटण. वर्षाला खोटं बोललो तेही.

मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळला की मीच घाबरलो. "म्हणजे माहा हात बरा आहे?" त्या उठल्याच. "माहा हात बरा आहे! ए साहू! साहू भैया! या इकडे, कुठं जाता क्लिनिकले!" इंजेक्शन टोचून झालं. साहूकाकांना कळलंही नाही, एवढं अलगद. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तू मोठा नालायक आहेस बाबू."

"हव, सिस्टर."

"उद्या तुह्या साहेबाले हेच सांग. आता ती मच्छरदाणी काढ आणि चादरी भिजव."

आम्ही आतल्या खोलीत खिडक्यांवर ओल्या चादरी लावल्या, टेबलावर मच्छरदाणी टांगली. सिस्टरांनी हात धुतले आणि रंग दिला, एका दमात, पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत. त्या रात्री त्या आमच्याकडे झोपल्या. सकाळी मच्छरदाणी उचलली तेव्हा विमान पांढरं होतं. एक कण नाही. सिस्टर नुसत्या माझ्या दंडाला धरून हलवत राहिल्या. मग लाल पट्ट्याचं चित्र कोमट पाण्यात कागदावरून सोडवून चिमट्यानं बसवला आणि वर्षाला फोन लावला. "ये मले घ्याले. विमान झालं."

साहेबांना मी सांगितलं. ते "देखेंगे" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात माझी बदली ट्रकच्या वजनकाट्यावर झाली. यंत्र आता रात्री चालतं का, मला तिथून कळत नाही. आमची गच्ची मात्र रोज सकाळी मी स्वतः झाडतो, आणि काजळी बघतो.

वर्षा आली. टॅक्सी दाराशी उभी, विमान जुन्या साड्यांत गुंडाळून पेटीत. वर्षानं मला विचारलं, "दादा, आई इतक्या आसानी से कशी मानली?"

सिस्टर पटकन म्हणाल्या, "अवं, मलेच वाटलं. चाल, उशीर होऊन रायला."

मला सुटायला वाट दिली होती त्यांनी. सरळ सरळ. मी म्हटलं, "वर्षा, मी तुला खोटं सांगितलं होतं. मशीन रात्री बंद असायचं. मीच बंद करायचो."

वर्षा माझ्याकडे बघून टॅक्सीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

सिस्टर परत फिरल्या. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्यापाशी तीन बोटं ठेवली, आणि भर रस्त्यात, हॉर्न वाजत असताना, भिंतीवर घड्याळ असल्यासारख्या समोर बघत मोजत उभ्या राहिल्या.

"जोरात आहे," त्या म्हणाल्या. "पन बरोबर आहे."