शिळं पाणी

आजही सकाळी बाटल्या भरताना माझा हात आधी कालचं पाणी बेसिनमध्ये ओततो. चोवीस तास नळ असलेल्या घरात हे खूळ कुठून आलं, असं मुलं विचारतात. पनवेलहून आलं, बाबांकडून आलं. रक्तदाबही त्यांचाच, पण त्याला निदान गोळी आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे नळ पहाटे यायचा, तोही त्याच्या मनात असेल तर. अशा गावात माणूस पाणी जपून ठेवेल. आम्ही ते ओतायचो. रात्र ओलांडलेलं पाणी शिळं, हे बाबांचं शास्त्र. कालची आमटी चालायची, कालची पोळी कुस्करून फोडणीला पडायची, कालचं पाणी मात्र मोरीत. मग ताईने आणि मी हंडे-कळशा चिंचेने घासायच्या आणि बाबांनी देखरेख करायची. दमायचे तेच जास्त.

ताईला बघायला कळंबोलीची मंडळी येणार होती, त्या दिवशी तर स्वच्छतेला ऊत आला. मुलगा ताईला फोटोतच आवडला होता. फोटो तिने गादीखाली लपवला होता, म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणाली, "निदान एक कळशी राहू द्या हो."

"पाहुण्यांना शिळं पाणी पाजू?" असं म्हणून बाबांनी नळ यायच्या आधीच सगळी भांडी पालथी घातली.

नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला.

शेजारच्या कोळीणकाकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं. त्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "वयनी, आमच्याकडं हंडाभर हाय. नेता का?"

आई उठलीच होती. बाबांनी विचारलं, "कालचं का?"

"कालचंच हाय. उद्याचं कुठून आनू?"

बाबा नको म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी घाबरले. मग त्यांनी मला कोपऱ्यावरून गोटी सोड्याच्या बाटल्या आणायला पिटाळलं.

मंडळी आली. पाण्याऐवजी सोडा आला. चहाऐवजीही सोडाच आला. पोह्यांच्या जागी फरसाण होतं, कारण पोहे भिजवायला सोडा चालत नाही असं आईने ठामपणे सांगितलं होतं. मुलाची आजी ढेकर देत राहिली आणि बाबा दर ढेकरेला "घ्या ना, अजून आहे" म्हणत राहिले. मुलाने हात धुवायचे म्हणून मोरी विचारली, तेव्हा बाबांनी आदराने त्याच्या हातांवर बाटली ओतली. तो हसला. ताईही हसली. मला वाटलं, जमलं.

संध्याकाळी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी पसंत होती, पण पाहुण्याला घोटभर पाणी न विचारणाऱ्या घराशी सोयरीक नको, असं आजीचं म्हणणं पडलं.

ताई रात्री जेवली नाही. तिच्याजवळ बसून मला रडू येत होतं आणि बाबांचा भयंकर राग येत होता. नळाला मात्र रात्री उपरती झाली. आईने सगळी भांडी भरून ठेवली.

पहाटे बाबा सवयीने हंड्यापाशी गेले. त्यांनी तो मोरीकडे कलता केला, तेवढ्यात ताईने काठ धरला.

"काल माझं लग्न ओतलंत, बाबा. तेवढं पुरे."

बाबांनी हंडा खाली ठेवला, त्यातलं फुलपात्रभर पाणी घेतलं आणि आमच्यासमोर, उभ्याउभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.