उतार बघून थांबणारी गाडी

माझे जावईबापू कुठेही गेले की आधी जमीन बघतात. लोक दारावरची पाटी बघतात, हे रस्ता कुठल्या अंगाला उतरतो ते बघतात. कारण त्यांची पिकअप किल्लीने चालू होईलच असं नाही. उतारावर उभी केली की ब्रेक सोडायचा, गाडी जरा घरंगळू द्यायची, गिअर टाकायचा, मग ती खोकत खोकत उठते. नऊ वर्षं असंच चाललं. भाड्याचं घर शोधताना लेकीने नळ आणि उजेड बघितला, यांनी फाटकाबाहेरचा चढ. घर मिळालं ते चढावरचंच. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

गाडीला आता सतरा वर्षं झाली. पहिली आठ तिने काही म्हणून त्रास दिला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? मग एक दिवस किल्ली फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. एक मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. बदलली. दुसरा म्हणाला, स्टार्टर. तोही बदलला, तीनदा. पण मिस्त्रीच्या दारात ही बया पहिल्या किल्लीला उठायची. "हिला काय धाड भरलीय?" म्हणत मिस्त्री हात पुसायचा, आणि पुढच्याच चौकात बंद केली की ही परत मान टाकायची. घरी येऊन जावईबापू जेवणाच्या ताटाशी असे बसायचे, जणू ताटानेच त्यांना फसवलंय.

त्यांचं काम म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या चादरी. सकाळी धुतलेले गठ्ठे उतरवायचे, मळके भरून धुलाईच्या कारखान्यात न्यायचे. बारा वर्षांचं बांधलेलं काम, घर त्याच्यावरच चालायचं. पण दवाखान्याचं मागचं आवार तळहातासारखं सपाट. म्हणून हे तिथे इंजिन चालूच ठेवायचे. वर छातीच्या रोग्यांचा वॉर्ड, धूर सरळ खिडकीत. चादरींचं खातं बघायला नव्या बाई आल्या आणि त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. दोनदा यांनी बंद केलं. दोन्ही वेळा गाडी उठली नाही. वॉर्डातल्या माणसांनी धक्का मारला, आणि त्यातला एक म्हणाला, "आम्ही रोग्यांच्या खुर्च्या ढकलायला आहोत, तुमचं धूड ढकलायला नाही."

बाई म्हणाल्या, "दादा, शेवटचं सांगते. सोमवारी इंजिन बंद करून माल उतरवा आणि कोणाचा हात न लावता बाहेर जा. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

मग कोणीतरी एका म्हाताऱ्या वायरमनचं नाव सांगितलं. तो चष्मा दोऱ्याने बांधून गाडीखाली सरपटत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. बॅटरीतून गाडीच्या अंगाला जाणारी तार, तिचा बोल्ट आतून गंजलेला. वरून रंग, म्हणून कोणाला दिसला नव्हता. त्याने गंज खरवडला, बोल्ट आवळला. झालं. शनिवार-रविवारी लेकीने मोजलं, गाडी बावीस वेळा पहिल्या किल्लीला उठली.

"जावईबापू, उठली की हो!" मी म्हटलं.

"मिस्त्री बघून गेला की दोन दिवस उठतेच, आई. हिला मी ओळखतो."

सोमवारी मला डोळे दाखवायचे होते, म्हणून मी गाडीतच होते. आवारात गाडी मागे घेऊन लावली. बाई पायरीवर उभ्या.

"दादा, इंजिन."

यांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"दहा मिनिटं बाई, आत्ता उतरवतो."

"अहो, करा ना बंद," मी कुजबुजले. "दुरुस्त झालीय ती."

"आणि नाही उठली तर? सगळ्यांसमोर?"

असं म्हणून ते उतरले आणि धावपळ करत गठ्ठे काढायला लागले. मागून धूर वर चढत होता. बाईंनी आवाज चढवला नाही. काम संपेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "दादा, उद्यापासून येऊ नका." माझे डोळे दाखवायचे राहिलेच.

घरी लेकीने डोक्याला हात लावला. "म्हणजे गाडी नीट असताना काम गेलं?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः बाईंना भेटायला गेली. तोवर दुसरी पिकअप तिथे लागली होती.

त्या दुपारी जावईबापू गाडी घेऊन समोरच्या सपाट मैदानात गेले. मी ओट्यावरून बघत होते. चालू, बंद. चालू, बंद. कितीदा केलं देव जाणे, दरवेळी पहिल्या किल्लीला.

"आता कोणाला दाखवताय?" लेक दारातून ओरडली. "बाईंना दाखवायचं होतं!"

ते उतरून माझ्याकडे आले. तोंड एवढंसं झालं होतं.

"आई," म्हणाले, "आज एकदा तरी बंद पडायला नको होती का हिने?"

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?