पेनातली स्प्रिंग
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाच्या हेडफोनची वायर मीच ओढून सैल करायचो. हेडफोन बंद पडले, की तो जेवताना माझ्याशी बोलायचा.

मग अपराधी वाटून मीच ते द्वारका मेट्रोखाली बसणाऱ्या कारागिराकडे न्यायचो. तो हेडफोन लावून, डोळे मिटून, वायर हळूहळू वाकवत खरखर शोधायचा. तिसऱ्या खेपेला त्याने ओढ बसू नये म्हणून वायरच्या तोंडाशी पेनातली स्प्रिंग चढवली आणि वर न बघता विचारलं, “इस बार पक्का कर दूँ भाईसाहब, या कच्चा ही रखूँ?”

त्याला माझी करामत कळली होती, का तो सगळ्यांनाच असं विचारतो? मी गोंधळून “पक्का” म्हणालो.

आता मुलगा हेडफोन लावूनच जेवतो. त्याला खरं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.