पेंग्विन बघायला आलेले आजोबा

राणीच्या बागेत पेंग्विनांच्या रांगेत ते आमच्या पुढे होते. पांढरा लेंगा-सदरा, पायात नातीने निवडलेले लालभडक बूट, आणि चाल थेट पेंग्विनची. मागून नात डुलत होती. बघता बघता माझ्या लेकीसकट सगळी पोरं डुलायला लागली.

"शनिवारी कार्टून बघायचं, रविवारी त्यातला प्राणी दाखवायचा, असा आमचा नेम," ते मला म्हणाले. "मागे माशांचं कार्टून बघितलं, आणि मी शहाणा हिला घेऊन गेलो लालबागच्या मासळी बाजारात! कोळणीच्या पाटीसमोर हिने असं भोकाड पसरलं! तेव्हापासून आमच्या मालवणी घरात रविवारी बटाट्याची भाजी. पेंग्विन बरा, आपल्यात कोणी खात नाही."

काचेपाशी पोचलो, तर आत पेंग्विनांच्या जेवणाची वेळ. बादलीतून मासे निघाले. आजोबांनी घाईघाईने नातीच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला, एका पेंग्विनाला मासा गट्टम करताना नीट पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, मला पण!"

आजोबांनी तिला उचललं आणि लाल बूट वाजवत दरवाजाकडे धूम ठोकली.

"अहो, पेंग्विन नाही बघायचे?" मी ओरडले.

"बघितले, बघितले! बाजार उठायच्या आत पोचू द्या!"