चिमणाबाईची नाडी आणि रुपीची धार

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर चिमणाबाईला ओळखत नाही असा माणूस दाखवा! तीस वर्षं झाली, रोज संध्याकाळी ही बाई शिवाजी पेठेतनं म्हैस घेऊन येते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात देते.

गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागली. तपासणीत कळलं, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागं गळतंय. डॉक्टर पूर्णिमाबाईंनी गोळी दिली. म्हणाल्या, "हिनं ठोके संथ पडतील, झडपेवरचा ताण कमी होईल. झीज लांबणीवर पडेल अशी आशा आहे. वर्षानं हृदयाचा इको काढून बघू."

लेक राजवीर लगेच म्हणाला, "झडप आणखी बिघडली तर म्हैस इकायची, आई. जयसिंगपूरचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

 चिमणाबाईला झडपेपेक्षा रुपी म्हशीचीच काळजी.

गोळीनं नाडी अशी निवांत झाली की बाईला वाटलं, आपण सुस्तावलो. हातच चालंनात तर धार कशी निघायची? झालं! स्वतःच्या अकलेनं गोळी बंद. चौथ्या दिवशी कट्ट्यावर बसली तर छाती धडधडतेय, हात नुसते ओढाताण करतायत. म्हशीला काय कळत न्हाय व्हय? रुपीनं पान्हा चोरला आणि वर लाथ झाडली. बादली एकीकडं, बाई दुसरीकडं!

सून निशिगंधानं तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तापल्या, "ही गोळी अशी एकाएकी सोडतात का? जिवावर बेतलं असतं!"

"चुकलं की बाई," चिमणाबाई म्हणाली. "म्हशीनंबी तेच सांगितलं."

त्या दिवसापासून आधी गोळी, मग वैरण. एक दिवस चुकला नाही.

वर्षानं इको काढला. अहवाल बघताना डॉक्टरीणबाई हसल्या. "गळती होती तेवढीच आहे. गोळीमुळं की तुम्ही मूळच्याच दणकट म्हणून, ते छातीठोक सांगता यायचं नाही. पण गोळी चालूच ठेवायची."

राजवीरनं जयसिंगपूरच्या गिऱ्हाइकाला इकोच्या दिवशीच यायला सांगून ठेवलं होतं; आनंदात नको म्हणून कळवायचंच विसरला. संध्याकाळी ते गिऱ्हाईक, गुंडू, दावं घेऊनच कट्ट्यावर हजर! "न्ह्यायची म्हैस कुठली?" त्यानं विचारलं.

चिमणाबाई उठली नाही, रागावली नाही. संथ हातांनी पेला काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"घ्या पावणं. म्हैस न्हाय, दूध मिळंल. उद्याबी या, मी हाय हितंच."