ग्रंथालयाचा तास कुणी घेतला

सहामाही परीक्षा सोमवारी सुरू होणार होती आणि सातवीच्या मराठीची उजळणी माझ्या गळ्यात होती. दोनच गोष्टी उरल्या होत्या, आपलं मत पटवून देणारं लेखन आणि वाक्यं सुधारून लिहिणं. उरल्या होत्या म्हणजे जूनपासून मीच पुढे ढकलल्या होत्या. त्या भरून काढायला मी शुक्रवारचा ग्रंथालयाचा तास उचलला होता, सलग तीन आठवडे. शिक्षकांच्या खोलीत याला कुणी चोरी म्हणत नाही, 'तास वापरला' म्हणतात.

विषय दिला, 'शाळेत बदलायला हवी अशी एक गोष्ट'. स्वारगेटहून वारज्याला जाणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या सुचला होता आणि मला त्याचं फार कौतुक वाटत होतं. लिहून झालं की शेजाऱ्याने वही घ्यायची, हिरव्या पेनाने वाक्यं सुधारायची आणि मग माझ्याकडे द्यायची.

वह्या आल्या आणि माझं डोकं फिरलं. गणवेश, डबा, मैदानात लावलेल्या गाड्या, दप्तराचं ओझं, सुरुवात कुठूनही होवो, शेवट एकच. 'अशा प्रकारे प्रत्येक गोष्टीचे फायदे तसेच तोटेही असतात, म्हणून सुवर्णमध्य साधावा.' अर्ध्या मैदानात गाड्या लावाव्यात आणि उरलेल्या अर्ध्यात खो-खो खेळावा, असं एकाने अगदी गंभीरपणे सुचवलं होतं. खासगी क्लासवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी वर्गात गेले आणि हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलाने गेल्या वर्षीची निबंधाची वही काढून माझ्यापुढे धरली. दप्तराच्या ओझ्याबद्दल तक्रार करणारा हाच. सहावीतही त्यांना मीच होते. वाक्य मीच लिहून दिलेलं, खाली दोन रेघा, शेजारी माझी सही. मला स्वतःचा इतका राग आला की मी वर्गावरच ओरडले.

एक वही मात्र वेगळी होती. ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीची. वर्षभरात तिने आपणहून तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. तिने लिहिलं होतं, 'आमचा ग्रंथालयाचा तास बाईंनी घेतला. तो परत मिळाला पाहिजे. मी एका पुस्तकात निम्म्यावर आहे. गुहेत अडकलेली भावंडं सुटली की नाही, मला माहीत नाही. पुस्तक घरी नेऊ देत नाहीत. परीक्षा सुरू झाली की ग्रंथालय बंद असतं आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कायमचे नागपूरला जाणार आहोत.'

तिच्या शेजाऱ्याने 'बाईंनी घेतला' हे खोडून वर हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'काही अपरिहार्य कारणास्तव होऊ शकला नाही'. 'मिळाला पाहिजे' याचं त्याने 'मिळाल्यास आभारी राहू' केलं होतं. भावंडं पूर्ण कापली होती. शेवटी सुवर्णमध्य होताच.

मी त्याला उभं केलं. तो जराही घाबरला नाही, उलट मला समजावून सांगायला लागला.

"बाई, असं थेट कुणाचं नाव लिहीत नाहीत. आपल्या नोटिशीत बघा ना."

नोटीस वर्गाच्या दारावरच होती, माझ्याच अक्षरात. काही अपरिहार्य कारणास्तव सहल पुढे ढकलण्यात आली होती. अपरिहार्य कारण असं, की मी बस ठरवायला विसरले होते.

मी लाल पेन काढलं, हिरवं सगळं खोडलं आणि तिचे शब्द होते तसे परत लिहिले. भावंडंही परत आणली. खाली 'मुद्दा पटला' असा शेरा दिला आणि वही तिच्या हातात ठेवली. मनातून बरंच बरं वाटत होतं. तिने शेरा वाचला.

"मग या शुक्रवारी तास आहे?"

या शुक्रवारी मला वाक्यांचे उरलेले प्रश्न घ्यायचे होते. मुख्याध्यापिकांना तसं लिहूनही दिलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "परीक्षा झाल्यावर बघू."

"म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि वही मिटून जागेवर जाऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मला मुद्दा पटला होता, फक्त तास द्यायचा नव्हता.

शुक्रवारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले, उजळणी अर्धवट राहणार असल्याचं सांगितलं, त्यांचं जे ऐकायचं ते ऐकलं आणि ग्रंथालयाची किल्ली घेऊन वर्गाला वर नेलं. निम्मी मुलं गप्पा मारत होती, दोघं तर चक्क पेंगत होते. ती कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली. पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट होतं, ते तिने खिशात टाकलं आणि वाचायला लागली.

तास संपायला पाच मिनिटं राहिली तेव्हा मला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच विचारलं, सुटली का भावंडं?

तिने मानही वर केली नाही.

"बाई, आत्ता नको."